गाडी घरची, काम मालकाचे, मग हिशेब कोणाचा?

कामगाराच्या दारात गाडी येते तेव्हा हार घातला जातो, नारळ फुटतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती गाडी एकट्या घराची राहत नाही. सकाळी तिच्यावर हत्यारांची पिशवी चढते, दुपारी कारखान्याचा माल चढतो, संध्याकाळी भाजी आणि दळण चढते आणि रविवारी सगळे कुटुंब चढते. एकाच गाडीकडून रोजी आणि घर अशी दोन्ही कामे करून घेणे ही कष्टकऱ्याची हौस नसून गरज आहे. दोन गाड्या ठेवणे त्याला परवडत नाही.

म्हणूनच "कोणती गाडी घ्यावी?" हा प्रश्न कामगार चळवळीच्या पत्रात चर्चेला घेण्यासारखा आहे, असे आम्ही मानतो. गाडीच्या जाहिराती वेग, रंग आणि रुबाब सांगतात. कामाच्या वाटेवरच्या किलोमीटरचा खर्च कोण देतो आणि अपघात झाला तर घरच्यांच्या हाती काय पडते, हे जाहिरात सांगत नाही. ते संघटनेनेच सांगावे लागते.

पीण्याचे उदाहरण

आपल्या रेल्वे व टपाल वसाहतींतील पुष्कळ घरांची पुढची पिढी आज खात्यात नाही. कोणी आयटीआय करून लेथवर उभा आहे, कोणी वायरमन आहे, कोणी वेल्डिंगचे फुटकळ काम घेतो. पोटासाठी माणूस मुंबई-पुण्याला जातो तसा बंगळूरलाही जातो. बंगळूरच्या वायव्येला, तुमकूर रस्त्यालगत पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र हे अशा कामगारांचे मोठे ठाणे आहे. टपाल बंधूंना ५६००५८ हा पिन कोड आणि रेल्वे बंधूंना शेजारचे यशवंतपूर जंक्शन परिचयाचे असेल.

१९७० च्या दशकात वसलेल्या या क्षेत्रात मोठ्या कंपन्यांपेक्षा छोट्या शॉपची गर्दी अधिक आहे. एका शॉपमध्ये जॉब टर्न होतो, दुसऱ्या ठिकाणी त्याला उष्णता-प्रक्रिया मिळते, तिसऱ्या ठिकाणी प्लेटिंग किंवा पावडर कोटिंग होते आणि चौथ्या ठिकाणी तपासणी होऊन तो रवाना होतो. म्हणजे कारखान्याचा पट्टा इथे रस्त्यावरून धावतो, आणि तो पट्टा बहुधा कामगाराच्या नाहीतर छोट्या जॉबवर्कवाल्याच्या स्वतःच्या दुचाकीचा असतो. क्रेटमध्ये पन्नास किलो लोखंड, समोर पाय ठेवायच्या जागेत आणखी एक पोते, आणि मालकाचा फोन, "लगेच पोचव."

इथे मेट्रो आली आहे. १ मार्च २०१४ रोजी हिरवी मार्गिका पीण्या इंडस्ट्रीपर्यंत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती नागसंद्रापर्यंत गेली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी मादावरपर्यंत पोचली. येण्याजाण्यापुरती ती सोय चांगलीच आहे. पण ९ फेब्रुवारी २०२५ पासून मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपये झाले. शिवाय मेट्रोत वेल्डिंग मशीन नेता येत नाही, रात्रपाळी मेट्रोच्या वेळापत्रकाला विचारून सुटत नाही, आणि स्थानकापासून शॉपपर्यंतची वाट उरतेच. तात्पर्य, ज्याचे काम हत्यारांसकट फिरण्याचे आहे त्याला स्वतःचे वाहन चुकत नाही.

आपल्याच खात्यातला धडा

कामासाठी वाहन कामगाराचे असावे आणि खर्च नाममात्र मिळावा, ही गोष्ट पीण्याची एकट्याची नाही. पोस्टमन बीटवर सायकल घालतो ती त्याची स्वतःची. ट्रॅकमनची सायकलही स्वतःचीच. या दोघांना मिळणारा सायकल भत्ता सातव्या वेतन आयोगाने बंदच करावा असे सुचवले होते. २०१७ मध्ये सरकारने तो चालू ठेवला आणि महिना ९० रुपयांचा १८० रुपये केला. २२ हजार २०० हून अधिक कर्मचाऱ्यांना त्याचा लाभ होईल असे तेव्हा सांगण्यात आले. भत्ता वाचला, दुप्पट झाला, हे खरेच. पण महिन्याच्या २६ दिवसांनी भागले तर दिवसाला सात रुपयेही होत नाहीत! आणि बरेच पोस्टमन बंधू आता स्वतःच्या पेट्रोलच्या दुचाकीवर बीट करतात, हे कोणाला ठाऊक नाही?

त्याच आयोगाच्या शिफारशींनंतर मोटारसायकल, स्कूटर, मोपेड आणि सायकलसाठी केंद्रीय कर्मचाऱ्यांना मिळणारे अग्रिमही बंद झाले. पूर्वी खात्याकडून अग्रिम घेऊन स्कूटर येत असे. आता तीच स्कूटर फायनान्स कंपनीच्या हप्त्यावर येते. म्हणजे कामाला लागणारे साधन कर्ज काढून कामगारानेच आणायचे, आणि भत्त्याचा प्रश्न आला की ते "खाजगी वाहन" म्हणायचे, असा हा न्याय आहे. पीण्यातल्या खाजगी शॉपमध्ये तर भत्त्याचा तेवढा कागदही बहुधा नसतो.

किलोमीटरचा हिशेब

गाडी निवडण्याआधी वही काढावी, असे आमचे सांगणे आहे. समजा, एक लाखाची दुचाकी घेतली, महिना हजार किलोमीटर चालवली आणि ती आठ वर्षे टिकली. एकूण ९६ हजार किलोमीटर होतात. म्हणजे पेट्रोल घालण्याआधीच गाडीची झीज किलोमीटरला रुपयाहून जास्त. लिटरला ५० किलोमीटर धावली आणि पेट्रोल लिटरला १०० रुपये धरले तर वर दोन रुपये. टायर, ऑइल, विमा, दुरुस्ती यांचा आणखी एक रुपया धरा. किलोमीटरला चार रुपये झाले. मालकाच्या कामासाठी रोज दहा किलोमीटर जादा फिरणारा कामगार २६ दिवसांत १,०४० रुपये आणि वर्षात १२,४८० रुपये खर्च करतो. हा भत्ता मिळत नसेल तर वर्षाला जवळपास साडेबारा हजारांची वर्गणी कामगार मालकाला देतो, असाच त्याचा अर्थ. आकडे आपापल्या गाडीप्रमाणे बदलावेत, हिशेबाची रीत तीच.

हीच रीत मोठ्या गाडीला लावा. रोज ३० किलोमीटर, महिना २६ दिवस, म्हणजे ७८० किलोमीटर. दुचाकीला १५.६ लिटर लागेल, म्हणजे १,५६० रुपये. लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या व्हॅनला ५२ लिटर, म्हणजे ५,२०० रुपये. फरक महिन्याला ३,६४० रुपयांचा. हप्ता वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी, छोट्या मोटारी आणि मालवाहू वाहने यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्यामुळे घेताना गाडी स्वस्त पडते. चालवताना ती स्वस्त होत नाही. सवलतीच्या भरात एक पायरी वरची गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आमचा पहिला सल्ला यातूनच येतो. वर्षातले तीनशे दिवस जे काम पडते त्यासाठी गाडी घ्यावी, उरलेल्या दिवसांसाठी भाड्याची आणावी. महिन्यातून दोनदा मोठा माल न्यायचा असेल तर त्या दिवशी टेंपो सांगता येतो. वर्षातून दोनदा गावी जायचे असेल तर आपली रेल्वे आहेच. राणी चन्नम्मा एक्सप्रेस बेळगावमार्गे मिरजेला नेते. चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी कोणी वाडा बांधत नाही.

मोपेड, स्कूटर, व्हॅन की टेंपो?

मोपेडची थट्टा करणारे पुष्कळ आहेत, पण श्रमिकाने तिला नावे ठेवू नयेत. बंगळूरपासून जवळच असलेल्या होसूरच्या कारखान्यातून १९८० मध्ये टीव्हीएस ५० निघाली ती दोघांना बसता येईल अशी मोपेड म्हणून. आजची एक्सएल १०० त्याच घराण्यातली. पुढे सपाट मोकळी जागा, मागची सीट काढता येते, वजन कमी, दुरुस्ती सोपी. क्रेट वाहणाऱ्या जॉबवर्कवाल्याला ती उपयोगी पडते आणि सीट बसवली की घरचे माणूस बसते. उड्डाणपुलाच्या चढावर आणि लांब पल्ल्याला ती दमते, हा तिचा उणेपणा.

स्कूटर म्हटली की आपल्या पिढीला आकुर्डीची चेतक आठवते. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली, एका बाजूला झुकवून सुरू केलेली. १९७२ पासून २००५ पर्यंत ती निघत होती. आज त्याच नावाने विजेची स्कूटर निघते. आता बहुतेक स्कूटर बिनगिअरच्या आहेत आणि याचा एक मोठा फायदा आहे. जी गाडी घरातल्या एकाच पुरुषाला चालवता येते ती कुटुंबाची गाडी म्हणता येणार नाही. पीण्यात तयार कपड्यांच्या कारखान्यांत हजारो भगिनी काम करतात. नवऱ्याची पाळी रात्रीची आणि बायकोची दिवसाची असेल तर एकच स्कूटर दोघांचीही रोजी सांभाळते. म्हणून गाडी निवडताना घरातल्या बाईला विचारावे, तिलाच आधी चालवून पाहू द्यावी आणि तिचा परवाना गाडीच्या आधी काढावा.

विजेच्या स्कूटरवर जीएसटी ५ टक्केच आहे आणि रोजच्या ठराविक फेऱ्यांना ती स्वस्त पडते. पण भाड्याच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने आधी पाहावे की रात्री वायर कुठे लावायची? घरमालकाची परवानगी नसेल तर बॅटरी काढून वर नेता येईल असाच नमुना घ्यावा, नाहीतर थांबावे.

चारचाकीत मारुती व्हॅनने १९८४ पासून अनेक कारागिरांचे संसार ओढले. पुढे ओम्नी नावाने ती २०१९ पर्यंत निघाली. आता तिची जागा २०१० मध्ये आलेल्या ईकोने घेतली आहे. हत्यारे कुलूपबंद राहतात, पावसात माल भिजत नाही, मुले सुरक्षित बसतात. ज्याच्याकडे रोज दोन साथीदार आणि मशीन न्यायचे काम आहे, त्याला ती योग्य. एकट्या वायरमनला ती हप्त्याचे ओझे होते.

मालाचाच धंदा असेल तर छोटा टेंपो. टाटांचा एस, म्हणजे आपला "छोटा हाथी", २००५ मध्ये पुण्यात तयार झाला. ७५० किलो माल आणि गल्लीत वळणारी लांबी, यामुळे तो देशभर पसरला. जून २०२५ मध्ये एस प्रो हा त्याचा धाकटा भाऊ ३ लाख ९९ हजारांपासून बाजारात आला. लहान वाहनाचा एक गुण तुमकूर रस्त्यावर सर्वांनी पाहिला. तिथला उन्नत मार्ग डिसेंबर २०२१ मध्ये केबलमधील दोषामुळे बंद झाला, तेव्हा हलकी वाहने फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा वर गेली, पण जड वाहनांना जुलै २०२४ पर्यंत खालच्या गर्दीतच राहावे लागले. परंतु टेंपो हे मालाचे वाहन आहे, कुटुंबाचे नव्हे. इथेच खरा धोका सुरू होतो.

कागद आणि वापर जुळला पाहिजे

खाजगी मोटारीच्या आणि दुचाकीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते. भाड्याने देणे, आणि नमुने व स्वतःचे सामान सोडून इतर माल वाहणे, या गोष्टी त्यात बसत नाहीत. पांढऱ्या पाटीच्या व्हॅनमधून रोज कारखान्याचा माल नेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी या कलमावर बोट ठेवते. अटीचा असा भंग झाल्यास मान्य होऊ शकणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत तडजोडीने द्यावे, या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दुजोरा दिला. पण त्यासाठी कोर्टकचेरी करण्याची ताकद कोणात आहे?

उलट बाजूही पाहा. पिवळ्या पाटीच्या टेंपोत मागे सतरंजी टाकून नातेवाईक लग्नाला नेले जातात. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी यांना संरक्षण मिळाले. बायकोमुलांना मिळालेले नाही. भरपाईचा बोजा गाडीमालकावर, म्हणजे त्याच कुटुंबावर येतो.

तिसरी गोष्ट आपल्या घरांत फार घडते. वडील रेल्वेत किंवा टपालात, त्यांना पतपेढीचे कर्ज मिळते, म्हणून गाडी त्यांच्या नावावर घेतली जाते आणि चालवतो मुलगा. २०१८ पासून गाडीमालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा झाला. पण तो मालकाचा आहे. नोंदणी ज्याच्या नावाची आणि परवाना ज्याच्याकडे, त्यालाच तो लागू. मुलाला अपघात झाला तर या १५ लाखांतून काही मिळत नाही. दुसऱ्याची मोटारसायकल मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कर्नाटकातल्याच एका खटल्यात म्हटले आहे. म्हणून कर्ज कोणीही काढो, गाडी चालवणाऱ्याच्या नावावर असावी, किंवा चालवणाऱ्याचा वेगळा अपघात विमा उतरवावा. वर्षाला थोडे पैसे जास्त जातील, पण घर उघड्यावर पडणार नाही.

काही गोष्टी कामगाराच्या बाजूच्याही आहेत. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पक्के केले. त्यामुळे पिवळ्या पाटीची भीती बाळगण्याचे कारण नाही. फिटनेस मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. राज्य विमा योजनेतील कामगाराला घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, कामाशी संबंध दिसत असेल तर, २०१० पासून कामावरचा अपघात मानला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही वाटेवरच्या अपघाताची तरतूद आहे. पण मालकाने दिवसभर गाडीवर फिरवले आणि हजेरीत त्याची नोंदच नसेल, तर संबंध दाखवायचा कशाने? म्हणून फेरीची नोंद, चलन, निदान फोनवरचा निरोप जपून ठेवावा.

आणि दुचाकीवर चालकासह दोघेच, हा कायदा आहे. चौघांना बसवणाऱ्या बापाची अडचण आम्हांला कळते. पण अपघात अडचण पाहून येत नाही. चार वर्षांखालील मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा यांचा नियम २०२२ मध्ये झाला आहे. तो दंडाच्या भीतीने नव्हे, मुलासाठी पाळावा.

मागायचे काय?

कामगाराने शहाणपणाने गाडी निवडली म्हणजे प्रश्न संपला, असे आम्ही म्हणणार नाही. शहाणपण घरचा तोटा कमी करते, अन्याय मिटवत नाही. हातोडी आणि पाना कारखान्याने द्यायचा हे आपण लढून मान्य करून घेतले. मग ज्या चाकांवर कारखान्याचा माल फिरतो ती चाके फुकट का?

आमच्या मते मागण्या चार आहेत. पहिली, कामासाठी स्वतःचे वाहन वापरणाऱ्याला, तो खात्यात असो वा पीण्याच्या शॉपमध्ये, किलोमीटरप्रमाणे भत्ता मिळावा आणि पेट्रोलच्या दराबरोबर तो बदलावा. दुसरी, पोस्टमन व ट्रॅकमनचा सायकल भत्ता आजच्या वाहनाला शोभेल असा ठरवावा आणि वाहन अग्रिम पुन्हा सुरू करावे. तिसरी, कारागिराची हत्यारे, त्याचा स्वतःचा माल आणि त्याचे कुटुंब या तिन्हींना एकाच पॉलिसीत संरक्षण देणारा परवडणारा विमा सार्वजनिक विमा कंपन्यांनी काढावा. चौथी मागणी आपण आपल्याच पतपेढ्यांकडे करायची आहे. वाहनकर्ज देताना चालवणारा कोण, वापर कशाचा आणि विमा कोणता, हे तीन प्रश्न अर्जातच विचारावेत आणि वापराशी कागद जुळल्याशिवाय रक्कम सोडू नये.

या मागण्या मान्य होईपर्यंत प्रत्येक सभासदाने एक गोष्ट आजपासून करावी. गाडीच्या डिकीत एक वही ठेवावी. एका रकान्यात घरचे किलोमीटर, दुसऱ्यात कामाचे. महिनाअखेर बेरीज करून शाखेच्या बैठकीला आणावी. वाटाघाटीच्या टेबलावर शंभर भाषणांपेक्षा अशा शंभर वह्या अधिक वजनदार ठरतील.